कामाच्या ठिकाणची हिंसा आणि कर्मचाऱ्याच्या हातातील शस्त्र

कामाच्या ठिकाणी होणारी हिंसा हा भारतीय फौजदारी कायद्यात स्वतंत्र नावाने नोंदलेला गुन्हा नाही. मारहाण, दुखापत, लोकसेवकाच्या कामात अडथळा, विनयभंग, खून अशा निरनिराळ्या कलमांखाली तो विखुरलेला असतो आणि त्यामुळे एखाद्या दवाखान्यात, तहसील कचेरीत किंवा पेट्रोल पंपावर घडलेला हल्ला हा त्या ठिकाणच्या कामाच्या रचनेशी जोडलेला प्रश्न आहे, हे ना पोलिसांच्या नोंदीत दिसते, ना मालकाच्या हिशेबात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या १९० व्या करारात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे. कामाच्या निमित्ताने होणारी शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा आणि तशा इजेची नुसती धमकीसुद्धा या कराराने हिंसेत धरली, एकदाच घडलेला प्रसंगही पुरेसा मानला, आणि कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कचेरीच्या चार भिंती नव्हेत, तर कामावर येण्याजाण्याचा प्रवास आणि मालकाने दिलेली राहण्याची जागाही त्यात मोडते, असे स्पष्ट केले. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरीही या विषयाचा विचार करताना हीच व्याख्या हाताशी ठेवणे योग्य ठरते, कारण महाराष्ट्रातील अनेक गंभीर घटना भिंतींच्या आत नव्हे, तर रस्त्यावर, शेताच्या बांधावर आणि कंपनीच्या गाडीत घडलेल्या आहेत.

राजर्षी शाहू छत्रपतींनी वसवलेल्या आणि आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिलेल्या जयसिंगपुरात हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. बाजारपेठ म्हणून वाढलेल्या या शहरात आणि शिरोळ तालुक्यात काम करणारा मोठा वर्ग लोकांशी समोरासमोर व्यवहार करणारा आहे. पतसंस्थेच्या खिडकीवरचा रोखपाल, थकीत वीजबिलासाठी जोडणी तोडायला गेलेला महावितरणचा वायरमन, रात्रपाळीतील परिचारिका, एसटीचा वाहक, गावचा तलाठी आणि दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणारा डॉक्टर हे सगळे त्यात येतात. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून वैद्यकनगरी म्हणून ओळखले जाणारे मिरज जयसिंगपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. गंभीर रुग्ण तिकडे हलवण्याचा निर्णय या परिसरातील डॉक्टरांना वारंवार घ्यावा लागतो, आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांचा इतिहास पाहिला तर नेमका हाच क्षण सर्वांत धोक्याचा असतो.

धुळे येथील मार्च २०१७ मधील घटना या संदर्भात निर्णायक ठरली. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी मेंदूशल्यतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने त्याला अन्यत्र न्यावे लागेल, असे शासकीय रुग्णालयातील एका निवासी डॉक्टरने सांगितले आणि जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या एका डोळ्याच्या दृष्टीला कायमची इजा झाली. त्यानंतरच्या काही दिवसांत राज्यातील इतर रुग्णालयांतही हल्ले झाले, निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, मुंबई उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला आणि शासनाने शासकीय रुग्णालयांत अकराशे सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन दिले. रुग्णालयात मेंदूशल्यतज्ज्ञ नसणे हा त्या तरुण डॉक्टरचा दोष नव्हता. संस्थेतील उणिवेची बातमी सांगण्याचे काम मात्र सर्वांत कनिष्ठ माणसावर आले आणि तिची किंमतही त्यानेच मोजली. कामाच्या ठिकाणच्या हिंसेचे बहुतेक मर्म या एका वाक्यात सामावलेले आहे.

कायदा तोपर्यंत नव्हता असे नाही. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २०१० पासून लागू आहे. त्यानुसार हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना तपास व अटक करता येईल असा, आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची व पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची असून मोडतोड झालेल्या उपकरणांच्या खरेदीकिमतीच्या दुप्पट रक्कम हल्लेखोराकडून वसूल करण्याची तरतूद आहे. याच अधिनियमात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारी ऐकून पीडितांना योग्य ठिकाणी दाद मागण्यासाठी सल्ला देणारे प्राधिकरण स्थापण्याचीही तरतूद आहे. शिक्षेच्या कलमाची चर्चा प्रत्येक हल्ल्यानंतर होते, या प्राधिकरणाची क्वचितच होते, ही खेदाची गोष्ट आहे; कारण आपले म्हणणे ऐकून घेणारी जागा आहे असा विश्वास नातेवाइकांना असेल, तर संतापाला मुठीशिवाय दुसरी वाट मिळते.

हिंसेचे स्रोत वेगवेगळे असतात आणि उपायही त्यानुसार बदलावे लागतात. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या अभ्यासकांनी यासाठी चार प्रकारांची विभागणी रूढ केली आहे : संस्थेशी संबंध नसलेला गुन्हेगार, सेवा घेणारा माणूस, सहकारी, आणि कर्मचाऱ्याच्या खासगी आयुष्यातून कामावर येऊन पोहोचणारा हल्लेखोर. धुळ्याची घटना दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकाराचे महाराष्ट्राच्या स्मरणातील सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांची हत्या. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनातील भेसळ पकडण्याच्या प्रयत्नात त्यांना जिवंत जाळण्यात आले. ती पूर्वनियोजित धाड नव्हती, सोबत पोलीस नव्हते, आणि भेसळ करणाऱ्या टोळ्यांचे बळ प्रशासनाला अपरिचित नव्हते. राज्यभरातील शासकीय कर्मचारी त्यानंतर संपावर गेले. सोनवणे यांच्याजवळ पिस्तूल असते तर, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. परंतु अधिक जड प्रश्न असा की, ज्या ठिकाणी काळाबाजार उघड चालतो हे ठाऊक आहे, त्या ठिकाणी तपासणीचा अधिकार एका नागरी अधिकाऱ्याकडे आणि संरक्षणाचे बळ दुसऱ्या खात्याकडे अशी वाटणी का असावी.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आहे. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात, कपडे बदलण्यासाठी गेल्या असताना, तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंतची जवळपास बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती प्राणघातक हल्ला व चोरीबद्दल, सात वर्षांची. इच्छामरणाच्या चर्चेमुळे हे प्रकरण देशभर गाजले, पण कामाच्या ठिकाणची सुरक्षितता म्हणून त्याकडे पुरेसे पाहिले गेले नाही. परिचारिकांना कपडे बदलायला एकान्तातले तळघर, कुत्र्यांवरील प्रयोगांच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्याशी चाललेला खटका, आणि तो वर नेऊन मिटवण्याची कोणतीही खात्रीची पद्धत नसणे, या तिन्ही गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या होत्या. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीवर कंपनीने नेमलेल्या गाडीच्या चालकाने साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. २०१७ मध्ये हिंजवडीत रविवारी एकटीच काम करणाऱ्या तरुण अभियंता स्त्रीच्या खुनाचा आरोप त्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकावर ठेवण्यात आला. ज्याच्या भरवशावर सुरक्षितता सोपवली होती, तोच दोन्ही प्रकरणांत धोका ठरला.

अशा पार्श्वभूमीवर कर्मचाऱ्याला स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगू द्यावे, ही मागणी भीतीतून येते आणि ती भीती खोटी नाही, म्हणून तिचा विचार आदराने करणे आवश्यक आहे. कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वेगळे अधिकार आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे बराच गोंधळ होतो. पहिला आहे खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे बेकायदा हल्ल्यापासून रक्षण करण्यासाठी बळ वापरण्याची मुभा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला हा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. हा हक्क उदार आहे. मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत तो पोहोचतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अचानक हल्ला झालेल्या माणसाने आपला प्रतिकार सोन्याच्या काट्याने तोलावा अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र त्याला मर्यादाही आहेत : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क उरत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीवर केलेला वार हे संरक्षण नसते.

दुसरा अधिकार शस्त्र जवळ बाळगण्याचा, आणि तो अत्यंत अरुंद आहे. १८७८ च्या वसाहतकालीन कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली तेव्हा काँग्रेसच्या अधिवेशनांतून त्याचा निषेध झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, पण परवान्याचे तत्त्व कायम राहिले. जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, त्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार व्यवसायाच्या स्वरूपामुळे किंवा अन्य कारणाने अर्जदाराच्या जिवाला खरा धोका आहे काय, हे तपासले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. शस्त्र परवाना हा मूलभूत हक्क नसून शासनाने तपासून दिलेली सवलत आहे, हीच भूमिका न्यायालयांच्या निकालांतून प्रामुख्याने दिसते. शिवाय निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे व आंदोलनांच्या दिवसांत निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, लाठ्या आणि इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी असते. ऊसदराच्या आंदोलनांचे केंद्र असलेल्या या तालुक्याला असे आदेश नवे नाहीत. म्हणजे तणाव सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच दिवसांत कर्मचाऱ्याचे वैयक्तिक शस्त्र त्याच्याजवळ नसण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कोणी म्हणेल की बंदूक नको, निदान मिरपुडीचा फवारा तरी जवळ असावा. असा फवारा परवान्याविना विकत मिळतो आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीला त्याचा आधार वाटतो, यात गैर काही नाही. तरीही २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने बंगळुरूतील जागेच्या एका वादात असा फवारा मारल्याबद्दलचा खटला रद्द करण्यास नकार देताना, जिवाला तातडीचा धोका नसताना वापरलेला फवारा धोकादायक शस्त्र ठरू शकतो, असे मत नोंदवले. खासगी संरक्षणाचा हक्क साधनावर अवलंबून नसतो, प्रसंगावर असतो. बिलाच्या वादात आवाज चढवणाऱ्या नातेवाइकावर फवारा मारणारा कर्मचारी त्या हक्काच्या आत राहीलच असे नाही.

कामाच्या ठिकाणी शस्त्र आल्यावर काय घडू शकते, याची अलीकडची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. ३१ जुलै २०२३ रोजी पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने पालघर ते मीरा रोडदरम्यान सरकारी रायफलीतून आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना ठार केले. प्रशिक्षित दलातील, शिस्तीखालच्या माणसाच्या बाबतीत हे घडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे एका कार्यालयात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते, असे तपासात पुढे आले. परवाना एका माणसाला मिळतो, पण शस्त्र त्या इमारतीतल्या प्रत्येकाच्या आवाक्यात येते, ही बाब परवान्याच्या कागदावर कोठेच लिहिलेली नसते.

रुग्णालयात तर अडचण अधिक खोल आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ४४ सांगते की, प्राणघातक हल्ल्याच्या वेळी निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव करता येत नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हक्क पोहोचतो; आणि जुन्या दंड संहितेपासून चालत आलेले त्याचे उदाहरण असे आहे की, जिवावर उठलेल्या जमावात लहान मुले मिसळलेली असतानाही गोळीबार करावा लागला आणि एखाद्या मुलाला इजा झाली, तर तो गुन्हा होत नाही. कायदा माफ करील. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराशी, प्राणवायूच्या नळ्यांजवळ, इतर रुग्णांच्या खाटांमध्ये गोळी झाडणाऱ्या डॉक्टरला पुढची तीस वर्षे त्याच गावात रुग्ण तपासायचे असतात. न्यायालयीन निर्दोषत्व आणि व्यवसायाचा विश्वास या दोन गोष्टी एक नव्हेत.

अमेरिकेत या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला आहे. तरी खासगी मालक आपल्या जागेत शस्त्रबंदी करू शकतो. २००२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील व्हॅलियंट येथील कागद कारखान्याने वाहनतळावरील गाड्यांत बंदुका सापडल्याबद्दल कामगारांना कामावरून काढले, त्यावरून मोठा वाद झाला आणि कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवण्यास मालक मनाई करू शकणार नाही असा कायदा त्या राज्याने केला. पुढे इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. कारखान्यात शस्त्र नाही, पण वाहनतळावर आहे, अशी ही तडजोड आहे. तिच्यात कामगाराच्या प्रवासातील भीतीची दखल आहे, यंत्राशेजारी उभ्या असलेल्या त्याच कामगाराच्या सुरक्षिततेचे उत्तर मात्र नाही. याउलट कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांवर लेखी हिंसाप्रतिबंध योजना, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रत्येक हिंसक प्रसंगाची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राने अनुकरण करायचे असेल तर ते या दुसऱ्या वाटेचे करावे, असे येथे आग्रहाने सुचवायचे आहे.

तशी बीजे आपल्या कायद्यांत आधीच आहेत. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १९ नुसार सुरक्षित वातावरण पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि त्या सुरक्षिततेत कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनचे संरक्षणही येते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही आणि संमती असली तरी संरक्षण व घरापर्यंत वाहतूक द्यावी लागते. पुण्यातील २००७ च्या घटनेनंतर गाडी द्यावी एवढेच पुरेसे नाही, तर चालक कोण, त्याची पडताळणी कोणी केली आणि वाट बदलली तर कोणाला कळेल, हेही विचारावे लागते. बाहेरच्या माणसापासून संरक्षण देण्याचे हे कर्तव्य केवळ स्त्रियांच्या आणि केवळ लैंगिक छळाच्या बाबतीत का असावे, याला समर्थनीय उत्तर नाही. वायरमन, वाहक आणि वॉर्डबॉय यांनाही ते लागू व्हायला हवे.

छोट्या शहरातील डॉक्टरची बाजू येथे वेगळी नोंदवली पाहिजे. तो स्वतःच मालक असतो आणि स्वतःच लक्ष्य. कायमचा सशस्त्र रक्षक त्याला परवडत नाही, आणि जमाव जमल्यापासून पोलीस येईपर्यंतची मिनिटे त्यालाच काढायची असतात. अशा डॉक्टरने परवान्यासाठी अर्ज केला तर त्याला भित्रा किंवा आक्रमक म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या मिनिटांत उपयोगी पडतात त्या गोष्टी बहुधा साध्या असतात : तपासणीच्या खोलीला दुसरे दार, आतून बंद होणारी एक खोली, अतिदक्षता विभागात एका वेळी किती नातेवाईक जातील याचा पाळला जाणारा नियम, रात्री किमान दोन कर्मचारी, आणि मृत्यूची बातमी एकट्या कनिष्ठ डॉक्टरने नव्हे तर ज्येष्ठाने, बसवून, शांतपणे सांगण्याचा प्रघात. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे आणि बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवण्याचे बंधन घातले आहे. पुष्कळांना हा डॉक्टरांवरचा जाच वाटतो. वास्तविक बिल आणि मृतदेह या दोन गोष्टींवरून पेटणारे वाद कमी करणारा तो सुरक्षेचा उपाय आहे.

राहतो प्रश्न हल्ल्यानंतरचा. मार खाल्लेला कर्मचारी फिर्याद द्यायला बहुधा एकटाच पोलीस ठाण्यात जातो, आणि गावातील वजनदार माणसे मध्यस्थीला आली की संस्थाच त्याला मिटवून घ्यायला सांगते. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये एका निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर केंद्रीय आरोग्य विभागाने शासकीय वैद्यकीय संस्थांना आदेश दिला की, कर्तव्यावरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने स्वतः संस्थेच्या वतीने फिर्याद नोंदवावी. हा नियम शासकीय रुग्णालयांपुरता राहू नये. सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, नगरपरिषद, खासगी दवाखाना या प्रत्येक ठिकाणी फिर्यादी म्हणून संस्थेचे नाव असावे, दमदाटीपासून मारहाणीपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगाची तारखेसह नोंद असावी, जखमी कर्मचाऱ्याची रजा पगारी असावी आणि न्यायालयातील तारखांना जाण्याचा खर्च व वकील संस्थेने द्यावा. अशी नोंदवही उद्या कोणा कर्मचाऱ्याला शस्त्र परवान्याची खरोखरच गरज भासली, तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर धोक्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडेल, आणि दहा पानांनंतर एकाच माणसाचे नाव पुन्हा दिसू लागले, तर त्याचा बंदोबस्त शस्त्राशिवायही करता येईल.